रिकाम्या खाटेचं भाडं

आमच्या घरात खाट एकच होती. ती आधी आजोबांची होती आणि आजोबा गेल्यावर बाबांची झाली. बाकी सगळे जमिनीवर. वर्ध्याकडच्या हिंगणी गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी आमची भाजीची वाडी. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. शहरातले लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात आणि आमच्या शब्दाला हसतात. हसोत बापडे. बोरच्या जंगलातून रानडुकरं उतरायची आणि वाडीतला पहिला घास त्यांचा असायचा. त्यांनी ठेवलेलं आम्ही विकायचो आणि विकून राहिलेलं आम्ही खायचो. गरिबीबद्दल लिहिताना लोक फार हळवे होतात, मला ते जमत नाही. आमची गरिबी म्हणजे सकाळी वांगं, संध्याकाळी वांगं, आणि पावसाळ्यात गळक्या घरात कोरडी जागा शोधत सरपटणारी अंथरुणं.

वच्छलाआत्या ओसरीत निजायची, बाजारात न्यायच्या टोपल्यांच्या शेजारी. मेथी सुकू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलेलं असे. आत्यावर कोरडं पोतं. मेथीची काळजी जास्त घेतली जायची, कारण मेथीला भाव होता.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. आर्वीकडे दिली होती. लग्नानंतरचा पहिला पोळा यायच्या आधीच पत्र्याची पेटी घेऊन परत आली आणि पुन्हा गेली नाही. गावानं कारण विचारलं. विचारायचा गावाला भारीच हक्क. आत्या एवढंच म्हणायची, "जमलं नाई. एक सडकं वांगं टोपल्यात ठेवलं तं बाकीचे बी सडते." ते सडकं वांगं म्हणजे नेमकं कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. पुढे गावानं विचारणं सोडलं आणि कीव करायला सुरुवात केली. लग्नाच्या आवतनाला येणारे लोक दारात बाबांची, आईची, आम्हा पोरांची नावं घेत आणि शेवटी, आठवल्यासारखं करून, "अन् हे बी येईन" म्हणत. हे म्हणजे आत्या. आत्या लग्नाला जायची, पंगतीत मधोमध बसायची, पोटभर जेवायची आणि घरी येऊन वरणात मीठ कमी होतं म्हणून सांगायची.

बाजारात तिच्याइतकी खडूस बाई दुसरी नव्हती. सेलूच्या आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली. भाजी तोलून झाली की गिऱ्हाईक बाई हमखास म्हणायची, "थोडा सांबार टाका ना वरून." शेजारच्या भाजीवाल्या टाकायच्या. आत्या विचारायची, "काऊन?"

"अवो, टाकतेच ना सगळे."

"सगळे टाकते तं सगळ्यायकडं जा. माह्या मापात कमी नाई अन् मापाच्या वर बी नाई."

बाई पुटपुटत जायची आणि पुढच्या बाजाराला परत यायची, कारण आत्याचं माप खरोखर पुरं असायचं. ऊन कलल्यावर मात्र तिचा सूर बदलायचा. त्याला ती उठता बाजार म्हणायची. उरलेली मेथी उद्या कोणी विचारणार नाही, तेव्हा मिळेल त्या भावात द्यायची. "आता घ्या, आता घ्या, दिवस बुडाला का हे बकरीचंच!" आत्याचं सगळं अर्थशास्त्र या दोन गोष्टींत आटोपत असे: मापाच्या वर काही द्यायचं नाही आणि उठत्या बाजारात माल अडवून धरायचा नाही.

त्या टोपल्यांवर मी शिकले. वर्ध्याला बी.ए. केलं, मग बी.एड., आणि हिंगणघाटच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्याकडे पोरीच्या शिक्षणाची बातमी तिच्या लग्नाच्या बातमीपर्यंतच टिकते. मी लग्न केलं नाही, म्हणून माझी बातमी जरा जास्त दिवस चालली, इतकंच.

पहिल्या पगारात मी आत्यासाठी लोखंडी पलंग घेतला. छोटा हत्ती टेम्पोत घालून हिंगणीला आणला. आत्यानं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढा रुंद काऊन व?"

"ऐसपैस झोप ना आत्या आता."

"अर्ध्यावर मी निजीन. अन् बाकीच्या अर्ध्यावर कोण, तुह्या आज्याचं भूत? वापस कर. एका माणसाचा आण."

मी रागावले. दुकानदार हसला. पण अरुंद पलंग आला, आणि आत्या आयुष्यात पहिल्यांदा जमिनीपासून हातभर वर झोपली. सकाळी मी विचारलं, झोप लागली का? "पडीन पडीन असं वाटे," ती म्हणाली. तोंडातून कौतुक निघालं तर मापाच्या वर जाईल अशी तिला भीती असावी.

समुद्राचं खूळ माझ्यामुळे तिच्या डोक्यात शिरलं. मी सुट्टीत घरी बसून वर्गासाठी मोठा नकाशा रंगवत होते. आत्या टोपली विणत शेजारी बसली होती.

"हे निळं निळं काय आहे?"

"समुद्र."

"तू पाह्यला?"

"नाही."

"मंग पोट्ट्यायले सांगते काऊन?"

"पुस्तकात दिलंय आत्या."

"असं काय? मंग आज पुस्तकातल्याच वांग्याची भाजी कर," ती म्हणाली. आणि टोपलीकडे बघतच बोलली, "मले पाहाचा आहे."

मला आनंद झाला. पगार होता, पण मला रजा मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून वाटलं, चांगल्या सहलीबरोबर पाठवावं. वर्ध्याला एका टूरवाल्याच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. भिंतीवर समुद्राचे फोटो आणि प्रत्येक फोटोत एक जोडपं. समुद्र नुसता असा एकाही फोटोत नव्हता. टाय लावलेल्या तरुणानं गाडी, हॉटेल, नाश्ता, सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाई."

"म्हणजे सिंगल?"

"म्हंजे मी."

"मग सिंगलचे जादा लागतील, आजी. हा रेट दोघांच्या शेअरिंगचा आहे. रूममध्ये दोन बेड असतात ना."

"मी कितीवर निजीन?"

"एकावर."

"मंग दुसऱ्यावर कोण निजते?"

"कोणी नाही. रिकामा राहील."

"त्या कोणी नाईले जेवाले बी वाढता का? सकाळी चहा देता? गाडीत खिडकीपाशी बसवता?"

"तसं नसतं, आजी..."

"मंग कसं असते? माह्याकडं कोणी मेथीची एक जुडी मागतली तं मी असं म्हंते का, बाप्पा, बाजूची जुडी एकटी पडून राह्यली, तिचे बी पैसे दे?"

तरुण हुशार होता. खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाला, "त्यावर उपाय आहे ना. आम्ही तुम्हाला पार्टनर देतो. लेडीज पार्टनर. ओळख नसली तरी चालतं. दोन दिवसांत जमून जातं."

"लोकायनं एकदा देल्ला होता मले अनोळखी पार्टनर," आत्या उठत म्हणाली. "नाई जमलं."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आत्या, फरक मी भरते. हौस तुझी, पगार माझा." ती रस्त्यातच थांबली. "सात माणसायच्या घरात खाट एक होती. कोणी म्हटलं का, वच्छले, तू जमिनीवर निजते, तुले काई सूट देतो? अन् आता एका माणसानं दोन खाटा पोसाच्या? तुह्या पगाराले दुसरं काम नाई का?" मला तेव्हा तिचा हट्ट मूर्खपणाचा वाटला. त्या तरुणाची मला जास्त चीड आली, हेही खरं. माणूस एकटं असलं की जगाला वाटतं, ते अपुरं आहे, आणि जेवढं अपुरं तेवढा दंड त्याच्याकडून घ्यावा. हॉटेलात एकटं बसलं की भिंतीजवळचं टेबल. ऑटोत एकटं बसलं की "पूर्ण गाडीचे द्या". आणि वर प्रश्न असा चेहरा करून विचारतात, जणू आपण नवरा घरी विसरून आलो: सोबत कोण?

पुढच्याच वर्षी एस.टी.त बायकांचं तिकीट अर्धं झालं आणि आत्या सुटली. बाजाराच्या टोपल्या तोवर माझ्या भावानं, दादानं, मोटरसायकलवर घेतल्या होत्या. आत्या यवतमाळला गेली, माहूरला गेली, शेगावला गेली. जायच्या आधी कोणाला विचारायची नाही, आल्यावर मात्र सगळ्यांना ऐकवायची. "एस.टी.वाले मले अर्धी मोजते, टूरवाले दीड मोजते. सासरच्यायनं तं मोजलीच नाई. एक म्हणून धराले कोणी तयारच नाई व!"

तिच्या प्रवासाच्या युक्त्या बाजारातल्याच होत्या. जत्रेत कधी जायचं नाही, जत्रा उठल्यावर जायचं. "जत्रा सरली का देव बी मोकळा अन् खोलीवाला बी मोकळा." खोली म्हणजे मेथीची जुडी, असं ती म्हणायची. रात्रभर रिकामी राहिली की सकाळी तिची किंमत शून्य, म्हणून भाव दिवस बुडताना करायचा. लॉजपेक्षा तिला देवस्थानांचे भक्तनिवास आवडायचे, कारण तिथे पाटीवर 'माणशी' लिहिलेलं असतं. तो शब्द तिला फारच पटला होता. "माणशी म्हंजे माणशी. तिथं कोणी इचारत नाई का तुह्या बाजूले कोण निजते."

आणि ऑटो-जीपचा तिचा प्रकार तर बघण्यासारखा. सेलू-हिंगणी काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाही, हे आम्हाला पाठच आहे. माहूरला गडावर जाणारा जीपवाला तिला म्हणाला, सिटा भरेपर्यंत थांबा, नाहीतर पूर्ण गाडीचे द्या. आत्या खाली उतरली, पदर खोचला आणि बसस्टँडसमोर उभी राहून बाजाराच्या आवाजात ओरडायला लागली, "चाला गडावर, गडावर! दोन सिटा राह्यल्या, दोन सिटा!" दोन नव्हत्या, सहा राहिल्या होत्या. पण दोन राहिल्या म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक धावत नाही. जीप भरली. जीपवाला तिच्याकडून भाडं घेत नाही म्हणाला, तर तिनं दिलंच. "मी काय तुही नोकर आहो का?"

या सगळ्याची मला गंमत वाटायची, पण तिची पोथी दर वेळी खरी ठरायची असं कोणी समजू नये. एका गावी ती जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोचली तर खोलीवाल्यासकट सगळे खानावळवाले आपापल्या घरी झोपायला गेले होते. दोन दिवस फुटाणे आणि मुरमुरे खाऊन आली. मी म्हणाले, "देव तर मोकळा भेटला ना?" ती म्हणाली, "भेटला. तो बी उपाशीच होता."

मग डोळ्याचं निघालं. पायरी चुकायला लागली, चहाचा कप बशीच्या बाजूला ठेवायला लागली. मी तिला सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला आणि दुसऱ्याची नजर कडांकडून आत आत आटत चाललेली. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीतून कपाशीच्या पळाट्यांची शेतं पाहत होती. मग म्हणाली, "माहा डोळा उठत्या बाजारात आला, पोरी. आता माल अडवून चालत नाई."

मला वाटलं, आता तरी ऐकेल. त्याच संध्याकाळी मी पुन्हा टूरचं काढलं. म्हणाले, "आत्या, आता हट्ट सोड. फरक भरू, चार दिवस सुखानं जा, समुद्र बघून ये. नजर राहिली नाही तर ते वाचवलेले पैसे काय डोळ्यांत घालायचे?"

"घाई डोळ्याची आहे," आत्या म्हणाली. "मी काऊन घाई करू? जाईन, पर रिकाम्या खाटेचं भाडं देऊन नाई."

बाबा खाटेवरून गरजले, "काई गरज नाई कुठं जाची! आंधळी बाई एकटी गेली तं लोक काय म्हणतीन?"

"नामदेवा, मी परत आली तवा बी लोक म्हणूनच राह्यले होते. तवा तू काई बोलला नाई. आता बी नको बोलू."

बाबा खाटेवर कूस बदलून झोपले. आमच्याकडे पुरुष हरला की कूस बदलतो.

दिवाळीची सुट्टी संपली, माझी शाळा सुरू झाली, कोकणातली गर्दी ओसरली, आणि आत्या निघाली. मी रजा काढते म्हणाले तर म्हणाली, "तू आली का मंग आपण दोघी. एकटीनं पाह्यला असं मंग कसं सांगू?" पिशवीत दशम्या, तिळाची चटणी, डोळ्यांचे थेंब. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर. महाराष्ट्राची पूर्वेची कड सोडून पश्चिमेच्या कडेपर्यंत एस.टी.नं, टप्प्याटप्प्यानं, अर्ध्या तिकिटात. जिथे माणशी चटई मिळेल तिथे मुक्काम. रोज कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन यायचा आणि तो वाक्य पुरं व्हायच्या आत बंद व्हायचा: "पोचली. जेवली. ठेवते." मी वर्गात नकाशासमोर उभी असायचे आणि डोळ्यांनी नांदेडवरून लातूरवर, लातूरवरून सोलापूरवर जायचे. दुसऱ्याच्या उधार मोबाईलवर येणाऱ्या त्या तीन शब्दांवर माझा दिवस लटकलेला असे. घाट उतरायच्या दिवशी फोन आला नाही.

त्या दिवशी काय झालं ते आत्यानं परत आल्यावर सांगितलं, तिच्या तिखटमिठासकट.

रत्नागिरीच्या अलीकडच्या एका बंदराच्या गावी ती दुपार कलल्यावर उतरली. समुद्राचा वास आला, आवाज आला. पण तिनं आधी खोलीचं बघायचं ठरवलं आणि सवयीप्रमाणे उठत्या बाजाराची वाट पाहत लॉजच्या समोरच्या पारावर बसून राहिली. दिवस बुडायला आल्यावर आत गेली. लॉज रिकामा होता, किल्ल्या सगळ्या खिळ्यांवर लटकत होत्या. तिनं भाव केला. माणूस म्हणाला, "भावाचा प्रश्न नाही. सोबत कोण आहे?"

"कोणी नाई."

"मग नाही देता येणार. एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही."

आत्या मला म्हणाली, "मी म्हटलं, बाप्पा, मले म्हातारीले पळवून नेणारा कोण बसला आहे तुह्या गावात? तं म्हंते, तसं नाई, नियम आहे. म्या म्हटलं, सोबत असती तं मी इथं आली असती का? घरीच भांडली नसती?" पुढच्या लॉजवरही तेच. तिच्या सगळ्या युक्त्या भावावर होत्या. भाव न सांगताच जो नाही म्हणतो, त्याच्यावर त्यातली एकही चालत नव्हती. टूरवाल्यानं निदान दीड मोजली होती, इथे तर पुन्हा आर्वीसारखं झालं. आणि उजेड गेला. काचबिंदूच्या डोळ्याला संधिप्रकाशात काही म्हणजे काही दिसत नाही. एवढा महाराष्ट्र ओलांडून आलेली माझी आत्या समुद्राच्या हाताच्या अंतरावर उभी होती आणि तिला समुद्र दिसत नव्हता.

तेव्हा तिला ओरडा ऐकू आला. बाजाराचा. भाषा जरा वेगळी, पण ओरड तीच. त्या आवाजाच्या धाग्यानं ती चालत गेली. धक्क्याजवळ दिव्यांखाली मासेवाल्या ओळीनं बसल्या होत्या. आत्या माळकरी, मासळीच्या वासानं नाक धरणारी. पण पाय थकले होते. ती ओळीच्या टोकाला, एका मासेवालीच्या शेजारी, जशी सेलूला बसते तशी बसली: एक गुडघा उभा, पदर खोचलेला, पिशवी मांडीखाली.

आता ही गोष्ट बाजारात बसलेल्या बाईलाच कळेल. आमच्याकडे शेजारच्या टोपलीवाली उठली की "पाह्यजो व" म्हणते आणि जाते. कोण, कुठली, विचारत नाही. बसण्यावरून माणूस ओळखायचं. त्या मासेवालीनंही आत्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जरा बघशील गो? पोराला भाकरी देऊन येते." आणि गेली.

"मंग तू काय केलं?" दादानं विचारलं.

"काय करन? गिऱ्हाईक आलं."

"अन् तू मासोळी विकली? माळ घालून?"

"माळ मी पदराआड केली. मले त्या मासोळ्यायचे नावं बी मालूम नाई. लांबुडकी अन् चपटी, दोन जाती केल्या. बाजूच्या बाईले भाव इचारला. दिवस बुडालेला, उठता बाजार, ओरडली मी: घ्या, सकाळी मांजरीचंच! एक जण म्हंते, दोन कोळंबी टाका वरून. म्या म्हटलं, काऊन?"

मासेवाली परत आली तेव्हा टोपली अर्धी झाली होती आणि पैसे फडक्याखाली होते. तिनं विचारलं, तू कोण गो? भाजीवाली, वर्ध्याची. कशाला आलीस? समुद्र पाहाले. एकटी? हो. "लोक मले 'एकटी?' इचारते तवा तोंड असं करते, जसं घरात कोणी मेलं," आत्या म्हणाली. "हिनं असं इचारलं, जसं 'चहा घेतला?' इचारते."

त्या बाईच्या घराला लागून एक खोली होती, शिमग्याला येणाऱ्या भावासाठी ठेवलेली. तिथे आत्या राहिली. आमची आई हे ऐकून डोळे पुसत म्हणाली, "पाहा, देवमाणूसच भेटलं. फुकट ठेवली." आत्या फटकन म्हणाली, "फुकट काऊन? तिनं माणशी भाडं सांगतलं, म्या माणशी भाडं देल्लं. फुकट बी मापाच्या वरच असते."

सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, नजरेला जितका उजेड लागतो तितका मिळाल्यावर, ती वाळूवर गेली. एकटीच गेली. मासेवाली येते म्हणाली होती, तिला नको म्हटलं.

आम्ही सगळे ओसरीत तिच्याभोवती बसलो होतो. दादा, आई, मी. बाबा खाटेवर, पण कूस आमच्याकडे. मी विचारलं, "मग? कसा आहे समुद्र?"

"पाणी लय आहे," ती म्हणाली. "पर कामाचं नाई. एक वाफा भिजत नाई त्याच्यानं."

एवढंच. दादा हसून लोळला. पण मी तिला ओळखते. ती तिथे एका दिवसासाठी गेली होती आणि चार दिवस राहिली होती. रोज सकाळी वाळूवर जाऊन बसत होती, हे मला, दुसऱ्या दिवशी आत्यानं ज्यावरून फोन केला त्या मासेवालीच्या मोबाईलवर मी नंतर बोलले तेव्हा कळलं. कामाच्या नसलेल्या पाण्यासमोर आत्या कधी चार मिनिटंही बसलेली नव्हती.

पुढे तिची नजर गेलीच. अरुंद पलंग ओसरीत आणला होता, तिथून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला चपला ओळखून हाक मारायची. शनिवारी मी घरी आले की विचारायची, या हप्त्यात काय शिकवलं. एकदा मी म्हणाले, महासागर. "निळा दाखवला असशीन," ती म्हणाली. "निळा नसते तो. आपल्या नाल्याले पूर येते ना, तसा असते. मातीचा. मंग दूर गेला का चांदीचा. निळा मले कुठंच नाई दिसला." नकाशात मी अजून निळाच खडू वापरते, कारण परीक्षेत निळाच लागतो. पण रंगवताना मुलांना सांगते, हा रंग खरा नाही, बघितलेल्या माणसानं मला सांगितलंय.

मागच्या हिवाळ्यात आत्या गेली. झोपेत, आपल्या पलंगावर, कोणाला त्रास न देता आणि कोणाचा त्रास न घेता. तेराव्याला नातेवाईक जमले. हयातीत जिला "अन् हे बी येईन" म्हणून बोलवायचे, तिच्यासाठी आता सगळ्यांचे गळे भरून आले होते. बाबांचे एक चुलतभाऊ जिलेबी तोंडात असतानाच म्हणाले, "बिचारी! जलमभर एकटी राह्यली, अन् गेली बी एकटीच."

मी म्हणाले, "काका, तिकडे पण दोघांचंच तिकीट लागतं का? तुम्ही जाल तेव्हा काकूला घेऊन जाणार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पदराआड हसल्या. काकांनी जिलेबी खाली ठेवली. बाबा त्या दिवशी कूस न बदलता बसून राहिले आणि म्हणाले, "ते बिचारी नव्हती. आमच्यातलं कोणी गेलं नाई तिथं जाऊन आली ते."

बहिणीबद्दल बाबांच्या तोंडून एवढंच एक चांगलं मी ऐकलं. ते खरं आहे, म्हणून शेवटी तेच लिहिते. आमच्या घरात बी.ए. झालेलं पहिलं माणूस मी. आमच्या घरात समुद्र पाहिलेलं पहिलं माणूस वच्छलाआत्या. एकटी गेली, एका माणसाचं भाडं दिलं, समुद्र पाहिला आणि परत आली.